मेजर ओकखालची माती

शेरवूडच्या जंगलात त्या दिवशी काठी नेली होती ती गुडघ्यासाठी. पण एकतीस वर्षं कृषी खात्यात काढलेल्या माणसाच्या हातात काठी असली की ती आपसूक जमिनीत टोचली जाते. मेजर ओक या प्रसिद्ध झाडाभोवती कुंपण आहे. कुंपणाबाहेर, जिथे उभं राहून सगळे फोटो काढतात, तिथल्या जमिनीवर मी काठीचं टोक टेकवलं आणि अंगाचा भार दिला. काठी तसूभरही आत गेली नाही. परत येताना वाटेच्या कडेला, नेच्यांच्या दाटीत, तेवढाच भार दिला. काठी वीतभर आत गेली आणि टोकाला काळपट, ओलसर, कुजल्या पानांच्या वासाची माती घेऊन वर आली.

“आजोबा, काय करताय?” नातवानं विचारलं.

“माती बघतोय.”

“पण आपण झाड बघायला आलोय ना?”

झाड बघायलाच आलो होतो, आणि ते डोळे भरून पाहिलंही. पण आयुष्यभर माण तालुक्यातल्या शेतकऱ्यांना सांगत आलो, की पीक पिवळं दिसलं तर आधी खाली बघा. हा ओक बघतानाही माझी नजर खालीच जात राहिली. त्या झाडाची खरी कहाणी तिथेच आहे, असं माझं मत झालं आहे.

मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ राहतात. त्यांच्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर एडविन्स्टो नावाचं गाव आहे. गावात सेंट मेरीचं जुनं चर्च आहे. लोककथांतला रॉबिन हूड आणि त्याची मॅरियन यांचं लग्न याच चर्चच्या दारात लागलं, असं गावकरी सांगतात. गाव संपलं की शेरवूडचं जंगल लागतं. शेरवूड म्हणजे ‘शायरचं’, आपल्या भाषेत जिल्ह्याचं, रान. हे नाव इ.स. ९५८ च्या एका दस्तऐवजात सापडतं. एके काळी नॉटिंगहॅमशायरचा जवळजवळ पाचवा हिस्सा शेरवूडच्या हद्दीत होता. आता उरला आहे तो तुकडा लहान, पण त्यात हजाराच्या आसपास अतिप्राचीन ओक उभे आहेत. युरोपात इतके म्हातारे ओक एकत्र असलेल्या जागा फार थोड्या.

पायवाटेनं वीस-पंचवीस मिनिटं चाललं की झाडी मागे सरते आणि मोकळ्या गवताळ जागेत मेजर ओक दिसतो. उंचीनं तो दबवत नाही. आपल्याकडचा एखादा शिरीष त्याच्याहून उंच जाईल. दबवते ती त्याची रुंदी. बुंध्याचा घेर दहा मीटरहून जास्त. सात-आठ माणसांनी हात पसरून साखळी केली तर कुठे तो कवेत येईल. फांद्यांचा पसारा २८ मीटर. वजन अंदाजे २३ टन. साल खोल भेगांची, जुन्या नांगरटीसारखी. आणि त्या जाडजूड, आडव्या पसरलेल्या फांद्यांना जागोजागी खालून टेकू दिलेले. लांबून पाहिलं तर काठ्या टेकत उभा असलेला आजोबाच. नातवानं माझ्या काठीकडे पाहिलं आणि तेच म्हणाला.

वय विचाराल तर साधारण ८०० ते १,००० वर्षं सांगतात, काही जण आणखी शंभर जोडतात. नेमकं सांगता येत नाही, कारण झाड आतून पोकळ आहे. वाढीची वलयं मोजायला गाभाच शिल्लक नाही. मग घेर, जमीन आणि त्याच जातीच्या इतर झाडांच्या वाढीचा वेग यांवरून अंदाज बांधायचा.

नावाची गोष्ट मला फार आवडली. मला आधी वाटलं होतं, ‘मेजर’ म्हणजे मोठा, म्हणून मेजर ओक. तसं नाही. हेमन रूक नावाचे एक निवृत्त लष्करी मेजर होते, जन्म १७२३, मृत्यू १८०६. नोकरी संपल्यावर ते इथून जवळच मॅन्सफील्ड वुडहाऊस या गावी येऊन राहिले. बंदूक ठेवली आणि वही उचलली. गावाजवळ जमिनीखाली रोमनांच्या काळातल्या हवेलीचे अवशेष त्यांनी शोधून काढले. वर्षानुवर्षं हवामानाच्या नोंदी ठेवल्या. आणि झाडं मोजली. आसपासच्या ओकांची मापं घेतली, चित्रं काढली आणि १७९० मध्ये त्याचं पुस्तक केलं. त्या पुस्तकामुळे या झाडाचा बोलबाला झाला आणि लोक त्याला ‘मेजरचा ओक’ म्हणू लागले. त्याआधी त्याचं नाव ‘कॉकपेन ट्री’ होतं, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याचं झाड. झुंजीचे कोंबडे त्याच्या ढोलीत कोंडून ठेवत, असं सांगतात.

निवृत्तीनंतर आमच्यातले किती जण वही घेऊन गावातली झाडं मोजत बसतात? मी बसलो नाही. ते पुस्तक लिहिलं तेव्हा रूक सदुसष्ट वर्षांचे होते. मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, आणि ही गोष्ट मला टोचते.

रूकनी आणखी एक नोंद करून ठेवली आहे. इथल्या बर्कलंड्स आणि बिल्हॉ या भागांतले जुने ओक तोडले, तेव्हा काहींच्या लाकडात, सालीपासून बरंच आत, राजचिन्हं कोरलेली सापडली. त्यांतली काही राजा जॉनच्या काळातली होती. हा जॉन १२१६ मध्ये वारला. कोणीतरी जिवंत झाडाच्या सालीवर खूण कोरली, झाड वर्षाला एक थर चढवत राहिलं, खूण आत आत गेली आणि जवळजवळ सहाशे वर्षांनी करवत लागल्यावर उजेडात आली. आमच्याकडे ताम्रपट जमिनीत पुरलेले सापडतात. इथे झाडाच्या पोटात दप्तर सापडलं.

आता रॉबिन हूडकडे येतो, कारण नव्वद टक्के माणसं त्याच्यासाठीच येतात. रॉबिन आणि त्याचे साथीदार या ओकच्या ढोलीत लपत, श्रीमंतांकडून लुटलेलं धन इथे वाटत, अशी दंतकथा आहे. रॉबिनचं नाव लेखी साहित्यात ठळकपणे येतं ते १३७७ च्या सुमारास, विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात. तिथला एक आळशी पाद्री कबूल करतो की त्याला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची कवनं येतात. म्हणजे तोवर ही कवनं लोकांच्या ओठांवर रुळली होती. पण सर्वांत जुन्या कवनांपैकी सगळी शेरवूडची नाहीत. मोठं कवन आहे ते यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलच्या रानातलं. आणि झाडाचा हिशेब केला तर, रॉबिनच्या गोष्टी ज्यांच्या काळात घडतात त्या राजा रिचर्ड आणि जॉन यांच्या वेळी हा ओक एक तर रोपटं असेल, नाहीतर फार तर अडीच-तीनशे वर्षांचा तरणा वृक्ष. टोळी लपेल एवढी ढोली त्याला तेव्हा असणं कठीण.

हे सगळं मी नातवाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. नोकरीत असताना अनेक गावांत मला एकेक झाड दाखवून गावकऱ्यांनी सांगितलंय, इथे शिवाजी महाराजांनी घोडा बांधला होता. त्यांतली काही झाडं शंभर वर्षांचीसुद्धा नसतील. तरी मी कधी कुणाला खोडून काढलं नाही. गावाला ज्याच्यावर जीव आहे त्याला ते आपल्या सर्वांत आवडत्या माणसाचं नाव देतं, आणि त्या नावाच्या धाकानं त्या झाडावर कुऱ्हाड पडत नाही. शेरवूडमध्येही तेच झालं. ढोलीत रॉबिन असो वा नसो, दोन-अडीचशे वर्षं त्याच्या नावानं या झाडाला राखलं आहे.

त्याआधीची सात-आठशे वर्षं मात्र त्याला दुसऱ्याच गोष्टीनं वाचवलं. ते कामाचं नव्हतं.

१६०९ साली राजाच्या अधिकाऱ्यांनी बर्कलंड्स आणि बिल्हॉ इथल्या ओकांची मोजदाद केली, तेव्हा दोन्ही मिळून सुमारे ५० हजार झाडं भरली. १७९० च्या मोजणीत उरली जेमतेम १० हजार. बाकीची घरांच्या तुळयांत, कोळशाच्या भट्ट्यांत आणि जहाजांत गेली. इंग्लंडच्या आरमाराची भूक किती होती याचा अंदाज एका जहाजावरून येतो. आरमारी सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’साठी सहा हजारांच्या आसपास झाडं लागली, त्यांतली बहुतेक ओकची. सुतार रानात आला की सरळसोट, भरीव, निरोगी झाडावर खूण करी. आखूड बुंध्याच्या, वाकड्या फांद्यांच्या, आतून पोखरलेल्या ओककडे तो वळूनही बघत नसे.

हा आकारसुद्धा माणसानंच दिला असावा, असं जाणकारांचं म्हणणं आहे. गुरांच्या तोंडाला लागणार नाही एवढ्या उंचीवर झाडाचा माथा छाटायचा, नवे फुटवे आले की चाऱ्याला आणि जळणाला तोडायचे, पुन्हा फुटू द्यायचे, अशी तिथली जुनी रीत. कोकणात राबासाठी ऐनाची कवळं तोडतात, तशीच. असा छाटला जाणारा ओक उंच न जाता जाड होत जातो आणि भरपूर जगतो. दोन-तीन झाडं एकत्र वाढून एक झाली असावीत, असाही एक तर्क आहे. पण माथाछाटणीचा तर्क मला जास्त पटतो. बुंध्याच्या वरच्या टोकाला, सगळ्या फांद्या एकाच उंचीवरून फुटल्यासारख्या दिसतात, तिथे नीट पाहा.

ओक संपत आले तेव्हा इंग्रजांनी कुठे बघितलं, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्यांनी आपल्याकडे बघितलं. ईशान्य इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमली’ नावाची लढाऊ नौका जपून ठेवली आहे. पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटिशांची सर्वांत जुनी युद्धनौका तीच. ती बांधली १८१७ साली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारच्या सागवानात. जावयानं आम्हाला तिथे नेलं होतं. दोनशे वर्षांच्या त्या सागवानी फळ्यांवर मी तळहात ठेवला. इथला ओक संपला म्हणून आमच्या रानातला साग कापला गेला, हे तिथे उभं राहून जितकं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही.

आरमारासाठी झाडं लागतात, हे आपल्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय, की सागवान वगैरे लागेल ते परवानगीनं तोडावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जुनं, निकामी झालेलं झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावं. इंग्लंडच्या राजांचे जंगलाचे कायदे मी वाचले. ते मुख्यतः राजाच्या शिकारीसाठी होते. वेठबिगार नसलेल्या सामान्य माणसाला डुकरं चारायचा आणि सरपण गोळा करायचा हक्क लिहून मिळाला तो १२१७ च्या वनसनदेनं. झाड लावणाऱ्या माणसाच्या दुःखाचा विचार मला आमच्या अमात्यांच्या कागदात दिसतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आता पुन्हा मेजर ओककडे. बऱ्याच लोकांना वाटतं, ढोली म्हणजे रोग. मेजर ओकसमोर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाई हळहळत होत्या, की बिचारं आतून सडलंय. म्हाताऱ्या ओकच्या बाबतीत हे खरं नाही. झाडाचा जिवंत भाग सालीलगतच्या पातळ थरात असतो. गाभ्यातलं लाकूड केव्हाच काम थांबवून बसलेलं असतं. काही बुरशा फक्त तो गाभा खातात. त्यांतली एक ओकच्या बुंध्यावर लालभडक मांसाच्या तुकड्यासारखी उगवते. गाभा कुजला की त्यातलं अन्न मोकळं होतं, ढोलीच्या तळाशी खत होऊन पडतं, आणि काही झाडं तर आतल्या बाजूनं मुळं सोडून ते खत पुन्हा शोषून घेतात. स्वतःच्याच गाभ्याचं कंपोस्ट. शिवाय पोकळ नळी भरीव दांड्यापेक्षा फार कमकुवत नसते. ज्वारीचं ताट भरीव आणि बांबू पोकळ, वाऱ्यात काय टिकतं ते शेतकऱ्याला विचारा.

त्या कुजक्या लाकडात जे राहतं, त्याची यादी मोठी आहे. ब्रिटनमध्ये ओकच्या आधारानं जगणाऱ्या सुमारे २,३०० प्रजातींची नोंद झाली आहे. पक्षी, वटवाघळं, भुंगेरे, दगडफूल, बुरशी, सगळं धरून. त्यांतल्या ३२६ प्रजाती ओकशिवाय कुठेच जगत नाहीत. शेरवूडमध्ये वठलेले ओकही तोडत नाहीत. हरणाच्या शिंगांसारख्या पांढऱ्या, निष्पर्ण फांद्या वर काढून ते वर्षानुवर्षं तसेच उभे राहतात, कोसळले की तिथेच पडून राहतात. आमच्याकडे वठलेलं झाड दिसलं की दुसऱ्या दिवशी ट्रॉली येते.

तर ढोलीनं या झाडाचं काही वाकडं केलं नाही. कुऱ्हाडीनं केलं नाही. गावाच्या जवळच थोर्सबीची कोळशाची खाण १९२५ पासून २०१५ पर्यंत चालली, तिनंही या झाडाला आडवं केलं नाही. त्याला खरा त्रास झाला तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या पायांचा.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि रॉबिन हूडच्या कादंबऱ्या आल्या. माणसांची रीघ लागली. लोक ढोलीत शिरत, फांद्यांवर बसत, बुंध्याशी घोळक्यानं उभे राहून छायाचित्रं काढून घेत. विसाव्या शतकाच्या आरंभी जड फांद्या साखळ्यांनी बांधून घेतल्या, बुंध्यावर शिसाचे पत्रे ठोकले. १९७० च्या दशकात लाकडी टेकू आले, नंतर त्यांच्या जागी लोखंडी. सगळी काळजी जमिनीच्या वरची. १९७० च्या दशकातच एकदाचं कुंपण घातलं, कारण तोवर लक्षात आलं होतं की झाडाखालची जमीन दगडासारखी झाली आहे.

इथे थोडं शेतीचं बोलू द्या. चांगल्या मातीचा जवळजवळ अर्धा भाग माती नसतोच, पोकळी असते. त्या पोकळीत निम्मं पाणी आणि निम्मी हवा असली की आपण म्हणतो जमीन वापशावर आहे. मुळं श्वास घेतात, त्यांना हवा लागते. ओकचं अन्न शोषणारं बारीक मुळांचं जाळं खोल नसतं. ते वरच्या हात-दीड हात थरात, फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेरपर्यंत पसरलेलं असतं. त्या मुळांना बुरशीचे बारीक तंतू जोडलेले असतात. ते मातीतून पाणी आणि क्षार आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. आता त्या थरावर दरवर्षी लाखो पावलं पडली की काय होतं? तुम्ही खळं करताना पाहिलं असेल. बैल गोल फिरवून, पाणी मारून, सारवून जमीन अशी घट्ट करतात की दाणा आत जाऊ नये. मेजर ओकभोवती माणसांनी दीडशे वर्षं खळं केलं. शेरवूडची जमीन मुळातच वालुकाश्माची, हलकी, कमी कसाची. ती दबली की पाऊस वरून वाहून जातो आणि झाड पावसाळी देशात तहानलेलं राहतं.

कुंपण घालून पन्नासेक वर्षं झाली, तरी ती जमीन आपोआप मोकळी झालेली नाही. दबलेली माती सहज सुटत नाही, हे ट्रॅक्टर फिरलेल्या बांधाकडे पाहून कुणीही सांगेल. २०१८ पासून या जंगलाची व्यवस्था पक्ष्यांच्या संरक्षणासाठी काम करणारी ‘आरएसपीबी’ ही संस्था इतरांच्या साथीनं बघते. त्यांनी मुळांभोवतीच्या मातीची तपासणी केली, ती मोकळी करण्याचं आणि तिच्यात पुन्हा जीव भरण्याचं काम हाती घेतलं. मी २०१७ मध्ये पहिल्यांदा आलो तेव्हा पर्यटकांचं केंद्र जंगलाच्या आतच होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात आलो तर ते तिथे नव्हतं. नवं केंद्र २०१८ मध्ये गावाच्या कडेला बांधलं आणि आतली जागा पुन्हा रानाला दिली. माणसं येऊ नयेत असं कुणी म्हटलं नाही, फक्त त्यांचे पाय थोडे लांब नेले. इतका मोठा निर्णय इतक्या शांतपणे झालेला मी सरकारी नोकरीत फार वेळा पाहिला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या उत्तरेला, हेड्रियनच्या रोमन भिंतीलगतचं एक एकाकी सिकॅमोर कुणीतरी रात्रीत करवतीनं पाडलं. सिनेमातून साऱ्या जगाला माहीत झालेलं झाड. त्या सकाळी माझी मुलगी फोनवर बोलताना रडत होती. पुढे दोघांवर खटला चालला आणि २०२५ मध्ये दोघांनाही चार वर्षांहून अधिक कैद झाली. मला ती शिक्षा योग्य वाटते. पण करवतीचा आवाज होतो, म्हणून गुन्हेगार सापडतो. माती दाबून झाड मारलं तर वीस वर्षांनी ते पडतं, आणि तेव्हा सगळे वाऱ्याला दोष देतात.

हे मी अनुभवानं सांगतो आहे. माझ्या गावात मारुतीच्या देवळासमोर पिंपळ होता. त्याला दगडमातीचा जुना पार होता, दगडांच्या फटींतून पाणी मुरायचं, मुंग्या ये-जा करायच्या, पारावर पानगळ कुजायची. १९९८ साली गावानं पार मोठा करायचं ठरवलं. जुने दगड काढले, भर घातली, धुम्मस मारून मुरूम बसवला, वर काँक्रीट आणि त्यावर शहाबादी फरशी, थेट बुंध्याला चिकटून. मी वर्गणी दिली. उद्‌घाटनाला रजा काढून गेलो. मातीचा अधिकारी असलेला मी त्या चकचकीत पारावर मांडी घालून बसलो, जेवलो आणि एक शब्द बोललो नाही, कारण मला तो पार छान वाटला होता. चार-पाच वर्षांनी शेंड्याकडची पालवी विरळ झाली. मग एकेक फांदी वठत गेली. २०११ च्या वैशाखात वळवाच्या वाऱ्यात पिंपळ मुळासकट उलथला. उलथलेली मुळं मी जाऊन पाहिली. फरशीखालची बारीक मुळं मेलेली होती, काळी, हातात चुरा होणारी. लोक म्हणाले, वारंच तसं होतं.

मेजर ओकसमोर काठी जमिनीत जाईना, तेव्हा मला ती मुळं आठवली. नातवाला हे सगळं सांगितलं नाही. त्याला एवढंच सांगितलं की झाडाचं तोंड खाली असतं आणि आपण त्याच्या तोंडावर उभे राहतो. तो लगेच दोन पावलं मागे सरकला.

परतीच्या वाटेवर त्याला ओकचं फळ, एकॉर्न, सापडलं, मागच्या वर्षीचं, वाटीसारखी टोपी घातलेलं. कावळ्याच्या कुळातला जे नावाचा पक्षी ही फळं हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो आणि विसरलेल्या फळांची झाडं होतात. शेरवूडचे पुष्कळ ओक असेच उगवलेले असणार. मेजर ओकच्या फळांपासून वाढवलेली रोपंही आता इतर ठिकाणी लावलेली आहेत. नातवाला ते फळ घरी न्यायचं होतं. मी ते वाटेपासून आत, जिथे काठी वीतभर गेली होती त्या भोकात टाकायला लावलं. त्यानं वरून पानं लोटली.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये शहरी भागातल्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात ‘हेरिटेज ट्री’ ही कल्पना आणली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला आता वारसा म्हणून मान आहे. चांगलं झालं. पण कायदा खोडाला हात लावू देत नाही म्हणून झाड वाचेलच असं नाही. फुटपाथच्या फरशा बुंध्याला भिडवल्या, पेव्हर ब्लॉक बसवले, नवा पार ओतला, तर खोड सुरक्षित आणि मुळं गुदमरलेली, अशी झाडं पुण्या-साताऱ्यात मी रोज बघतो.

तुमच्या गावात, सोसायटीत, शाळेच्या आवारात जुना वड, पिंपळ, चिंच, आंबा असेल, तर या उन्हाळ्यात एक काम करा. पसाऱ्याखालची माती काठीनं तपासा. जिथे काँक्रीट आहे तिथे निदान बुंध्याभोवतीचं हातभर तरी फोडून घ्या, आणि जमेल तितकं बाहेरपर्यंत वाढवत न्या. फोडताना कुदळ-पहार मुळांवर पडू देऊ नका, वरवरचं काढून खालची माती हातानं मोकळी करा. पानगळ जाळू नका, तिथेच पसरू द्या. बसायला कट्टा हवा असेल तर तो पसाऱ्याच्या बाहेर बांधा. आणि नव्या पाराचा ठराव ग्रामसभेत आला तर, मी बोललो नाही तसं गप्प बसू नका.